गावच्या कब्रस्तानाचं काम : नोंदी, ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५

सुरू करण्याआधी

रायगड जिल्ह्यात आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, लोकांची कब्रस्तानं गावोगाव आहेत. पुष्कळ गावांत आता आमचं एकही घर नाही. पेणकर, केहिमकर, झिराडकर, नवगावकर अशी आडनावं इस्राएलमध्ये दिमोना, अश्दोद, लोदला जाऊन राहिली आणि दगड मात्र इथेच करवंदीत पडून आहेत. असंच काम दुसऱ्या गावात कोणी हाती घेतलं, तर त्याने निदान माझ्या चुका पुन्हा करू नयेत, म्हणून ही वही.

आमच्या गावात तीन घरं शिल्लक आहेत. गाव अलिबाग तालुक्यात आहे, नाव मुद्दाम देत नाही, कारण संगमरवराच्या लाद्या चोरीला जातात. मी ठाण्यात राहतो. शनिवारी शब्बाथ, त्यामुळे काम फक्त रविवारी. शनिवारी रात्री हबदाला (शब्बाथ संपल्याची प्रार्थना) झाला की निघायचं, वडखळला अलिबागहून परतणाऱ्या गाड्यांची रांग उलट्या बाजूला बघत जायचं आणि मामांच्या पडवीत झोपायचं.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत, अख्ख्या आळीचे मामा. वय ७६, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. गावच्या सिनेगॉगची किल्ली त्यांच्याकडे असते. आमची जुनी माणसं सिनेगॉगला अजून मशीदच म्हणतात. दर शुक्रवारी दिव्यात तेल, शनिवारी सकाळी दार उघडणं, पावसाळ्याआधी कौलं, कब्रस्तानात कोयता हे सगळं १९७४ पासून एकटे करतात, बिनपगारी. सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमणं गावात कधीच बंद झालं, म्हणून शनिवारी ते एकटेच बसून जमेल तेवढी तेफिल्ला म्हणतात आणि दार लावून घरी येतात. मी विचारलं होतं, मामा, कोणी येत नाही तर दर शनिवारी उघडता कशाला? म्हणाले, "एखादा आला आणि दार बंद दिसलं तर काय सांगायचं त्याला?"

२७ ऑक्टोबर २०२४

सिम्हात तोरा शुक्रवारी झाला, सणांची रांग संपली. पहिला रविवार.

दोन मजूर, प्रत्येकी ८०० रुपये. घाणेरी आणि रानमोडी माणसाच्या डोक्यावर गेलेली. फाटकापासून आत जायलाच दीड तास लागला. अकराच्या सुमाराला दगडांच्या फटीत फुरसं निघालं, तेव्हा मजूर काम टाकून बाहेर बसले ते जेवण होईपर्यंत. माझ्या पायात सँडल होत्या. पुढच्या वेळी गमबूट.

एक मजूर म्हणाला, काडी लावू, तासात साफ. नको म्हटलं. आगीत काळा दगड तडकतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि पापुद्र्याबरोबर अक्षरं जातात. हे मला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते पुढच्या नोंदीत.

संध्याकाळपर्यंत एक तृतीयांश मोकळं. तोडलेलं एका कोपऱ्यात रचलं. मुळं उपटायची नाहीत, हे हजानसाहेबांना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) आधीच विचारून ठेवलं होतं. कबरीवर खणायचं नाही म्हणजे नाही. घाणेरी बुडातून पुन्हा फुटणार, ती फुलायच्या आधी परत कापायची, एवढंच हातात.

१० नोव्हेंबर

मधला रविवार दिवाळीत गेला, मजूर नव्हते.

आजची चूक सगळ्यात लाजिरवाणी. ठाण्याहून येताना तारेचे दोन ब्रश आणि संडास साफ करायच्या अ‍ॅसिडच्या चार बाटल्या घेतल्या होत्या. पहिल्याच संगमरवरी लादीवर थोडं ओतलं. फेस आला, फुसफुस झाली आणि हाताच्या पंजाएवढी जागा पांढरी, खरखरीत होऊन बसली. संगमरवर म्हणजे एक प्रकारे चुनाच, अ‍ॅसिड त्याला खातं. शाळेत शिकलो होतो. अक्षरांत भरलेलं शिसं राहिलं, भोवतीचा दगड खाली बसला. ती लादी एका सुभेदार मेजरची आहे. बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीत आमचे पुष्कळ लोक होते, जुन्या दगडांवर हुद्दा मोठ्या अभिमानाने कोरलेला असतो. त्याच्या 'बहादूर'मधला 'हा' माझ्यामुळे अंधूक झाला.

मामांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. घरून नारळाच्या काथ्याचा कुंचा आणि कळशी आणून दिली.

आता पद्धत अशी : साधं पाणी, कुंचा किंवा कपडे धुवायचा मऊ ब्रश, खाचेतल्या मातीला बांबूची काडी. दगडफूल चिकटलेलं असेल तर दगड ओला करून अर्धा तास थांबायचं, मग ते काडीने सुटतं. सुटलं नाही तर तसंच ठेवायचं. तारेचे ब्रश आणि उरलेल्या बाटल्या दुकानदार परत घेईना.

२४ नोव्हेंबर

झाडोरा संपला. उभे, आडवे, तुटके मिळून दगड ४७. खडूने नंबर घातले, फोटो काढले.

फोटोत काही म्हणजे काही दिसत नाही. दुपारचं ऊन सरळ पडतं, खाचेत सावलीच नाही. संध्याकाळी साडेपाचला जे दोन दगड तिरप्या उन्हात आले ते घडाघडा वाचता आले. म्हणजे मधले सहा तास फुकट.

८ डिसेंबर

दवाने खडूचे नंबर पुसले गेले होते. सगळी यादी फोटोंवरून पुन्हा जुळवली, तीन तास. या वेळी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर नंबर ठोकून आणले आणि दगडाच्या बुडाशी खिळ्याने जमिनीत रोवले.

घरच्या जुन्या कपाटाचा आरसा आणला. हा मात्र जमला. एकाने दगडाच्या बाजूला आठ-दहा फुटांवर उभं राहून आरशाने ऊन तिरपं टाकायचं, दुसऱ्याने फोटो. भर दुपारीही अक्षर उठून येतं. आरसा धरायला शेजारच्या आगरी घरातली दोन मुलं आली. त्यांच्या घराने या कुंपणाची आमच्यापेक्षा जास्त राखण केली आहे. त्यांची म्हैसही इथेच बांधलेली असते, एका दगडाला. तो दगड २२ नंबरचा. म्हशीसाठी खुंटा ठोकून दिला, दोर हलवला, सगळे खूश.

पीठ किंवा शेव्हिंग क्रीम फासून अक्षरं उठवतात असं काही व्हिडिओंत दाखवतात. करू नका. पीठ खाचेत राहतं आणि त्यावर बुरशी धरते.

२२ डिसेंबर

सत्तेचाळीसपैकी ३१ पट्ट्या गायब. अ‍ॅल्युमिनियमला भंगारात किलोला बरा भाव आहे, हे मला सुचायला हवं होतं. आता फुटक्या लाद्यांचे तुकडे (एका बांधकामावर फुकट मिळाले), त्यावर ऑइल पेंटने नंबर. लादीचा तुकडा कोणी नेत नाही. मे महिन्यापर्यंत एकही हलला नाही.

पट्ट्यांचे ७५० रुपये गेले.

दुपारपासून वाचन. दगडावर सहसा वर हिब्रू, खाली मराठी. हिब्रूत सुरुवातीला पे आणि नून ही दोन अक्षरं, म्हणजे 'इथे पुरला आहे'. शेवटी ताव, नून, साधी, बेत, हे ही पाच, 'त्याचा जीव जिवंतांच्या गाठोड्यात बांधलेला राहो' याची आद्याक्षरं. मधे नाव आणि तारीख. तारीख अक्षरांतच असते, कारण हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत आहे. ताव म्हणजे ४००, रेश २००, सामेख ६०, दालेत ४. साल लिहिताना हजार सोडून देतात. ताव-रेश-सामेख-दालेत दिसलं की ६६४, म्हणजे ५६६४, म्हणजे इसवी १९०३–०४. दालेत आणि रेश दिसायला जुळी भावंडं, फरक फक्त कोपऱ्याचा, एकाचा टोकदार तर दुसऱ्याचा गोल. चाराच्या जागी दोनशे वाचले तर निदान चूक लगेच कळते. खरी फसगत 'हे' आणि 'हेत'मध्ये होते. हे म्हणजे ५, हेत म्हणजे ८. 'हे'चा डावा पाय वरच्या आडव्या रेघेपासून सुटा असतो, 'हेत'चा जोडलेला. या एका फटीबद्दल पुढे बरंच येणार आहे.

५ जानेवारी २०२५

दिमोनाहून एका बाईंचा व्हॉट्सअ‍ॅप निरोप. आळीतल्या कोणीतरी माझा नंबर दिला. पणजीची कबर आपल्या गावात आहे, सापडेल का? नाव, नवऱ्याचं नाव, बस्स. तिचं मरण कुठल्या दिवशी हे घरात कोणालाच माहीत नाही, म्हणून कधी वर्षी केली नाही.

सापडली. नंबर १४, काळ्या दगडात, मधोमध आडवा तडा. आरसा लावून अर्ध्या तासात वाचली. शेबात महिना, दिवसाचं अक्षर हे, म्हणजे ५. साल ताव-रेश-सामेख-हे, म्हणजे ५६६५. खाली मराठीत नाव आणि 'शके १८२६', पुढचं झिजलेलं. शके १८२६ म्हणजे १९०४–०५, हिब्रू सालाशी बरोबर बसतं. मी तिथूनच फोटो पाठवला, '५ शेबात' असं लिहून. त्यांनी उलट आवाजाचा निरोप पाठवला. रडत होत्या. या वर्षी ५ शेबात ३ फेब्रुवारीला येते, महिनाभर आहे, दहा माणसं जमवून हश्कबा (मृतांसाठीची प्रार्थना) म्हणू, जेवण घालू.

त्या दिवशी मला फार भारी वाटत होतं.

१९ जानेवारी

तुटक्या दगडांचा दिवस. २६ आणि ३९ नंबर असे दोन अर्धे तुकडे होते. एक फाटकाजवळ, त्यावर फक्त हिब्रू : शेमुएल बेन येहेज्केल. दुसरा पार मागच्या भिंतीला टेकवलेला, त्यावर फक्त मराठी : सामाजी हस्साजी. माझ्या यादीत दोन माणसं. मामा यादीवरून बोट फिरवता फिरवता थांबले.

"ह्या दोघांना वेगळं का लिहिलंस?"

मी म्हटलं, नावं वेगळी आहेत.

"अरे शाण्या, शेमुएलचाच सामाजी. येहेज्केलचा हस्साजी."

मुंबईची आमची पहिली मशीद १७९६ साली बांधणारे सामाजी हस्साजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल, हे आम्हाला पाळण्यात सांगतात. तरी दगडासमोर डोकं चाललं नाही. तुकडे एकमेकांजवळ नेऊन पाहिले. तडा तडजोड न करता बसला. दगड ४६.

कोकणी नावांचं हे कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : मुसाजी मोशे, इसाजी यित्झाक, दाऊदजी दावीद, सामाजी शेमुएल, हस्साजी येहेज्केल. बायकांच्या नावांना कोष्टक नाही. हिब्रूत एक आणि मराठीत सासरचं भलतंच असं सर्रास सापडतं, तिथे नवऱ्याच्या नावावरून जुळवावं लागतं.

९ फेब्रुवारी

आज १४ नंबर परत बघायची गरज नव्हती. तडा किती खोल गेलाय ते मोजायला बसलो होतो. सकाळी साडेसात, ऊन डावीकडून आडवं. मराठी ओळीत 'शके १८२६'च्या पुढे आधी न दिसलेली अक्षरं दिसली : 'पौष शुद्ध', मग आकडा असावा तिथे खड्डा, मग 'शनवार'.

शनवार. पोटात गोळाच आला. ज्या जातीला अख्ख्या कोकणात शनवार तेली म्हणत, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून, तिचा माणूस दगडावरचा शनवार वाचायचा राहिला.

मोबाइलवर तारखा फिरवल्या. ५ शेबात ५६६५ म्हणजे ११ जानेवारी १९०५. बुधवार. ८ शेबात म्हणजे १४ जानेवारी. शनिवार. संक्रांतीचे दिवस.

म्हणजे ते अक्षर हे नाही, हेत आहे. बारकाईने पाहिलं, मामांचं भिंग घेऊन. सालातल्या 'हे'ची फट सरळ, छिन्नीने सोडलेली. दिवसाच्या अक्षराची फट वेडीवाकडी, तिथला टवका उडालाय. टवका जुना की माझ्या ब्रशने उडालेला? सांगता येत नाही, कारण हात लावण्याआधीचा फोटोच मी काढला नव्हता. तारेचा ब्रश या दगडावर फिरवल्याचं आठवत नाही. पण फिरवला नाही असंही शपथेवर सांगणार नाही.

आणि ३ फेब्रुवारी होऊन गेली. ६ फेब्रुवारी, म्हणजे खरी ८ शेबात, तीही होऊन गेली.

दुपारी मामांच्या पडवीत बसून दिमोनाला निरोप लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी सरळ लिहिलं, मी चुकीचं वाचलं, दिवस आठवा आहे, पुरावा हा. दोन तासांनी उत्तर आलं. बारा माणसं आली होती, बीर शेवाहून चुलतभाऊ आला होता, बिर्ड्याची भाजी केली होती, सगळं छान झालं. आता पुढच्या वर्षीची ८ शेबात कधी ते कळवा. २६ जानेवारी २०२६, मी कळवलं. लगेच दुसरा निरोप : "नक्की ना? यावेळी मामांना विचारून सांगा."

तेव्हापासूनचा नियम, आणि या सगळ्या वहीतला मला सगळ्यात कामाचा वाटणारा : हिब्रू तारीख मराठी ओळीने तपासल्याशिवाय यादीत 'पक्की' लिहायची नाही. तपासणं सोपं आहे. दोन्ही पंचांगांचा महिना अमावास्येनंतर सुरू होतो, त्यामुळे शेबातची आठवी आणि शुद्ध अष्टमी एखाद्या दिवसाच्या फरकाने बरोबरच येतात. महिन्यांची नावं मात्र कायमची जुळवू नका. हिब्रू पंचांगातला जास्तीचा अदार महिना आणि मराठी पंचांगातला अधिक मास वेगवेगळ्या वर्षी येतात, म्हणून शेबात कधी पौषात पडतो, कधी माघात. वार मिळाला तर सोन्याहून पिवळं. एक दिवस पुढेमागे होत असेल तर घाबरू नका. हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. ३३ नंबरवर मराठीत मंगळवार आणि हिब्रू तारीख बुधवारची निघाली, तेव्हा मामा म्हणाले, "रात्री गेला असेल." तेच बरोबर.

या गुरुवारी 'तू बिश्वात', झाडांचा सण. आळीतली चार माणसं अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या (एलिया प्रेषिताच्या) खडकावर मलिदा (पोह्यांचा प्रसाद) करायला जाणार. मामा पोहे भिजवण्यावरून आत्तापासून भांडताहेत.

२३ फेब्रुवारी

दगड नसलेल्या कबरी. काही ठिकाणी नुसते उंचवटे दिसतात, काही ठिकाणी जांभ्याचे चार चिरे. जानेवारीपासून प्रत्येक रविवारी तास-दोन तास मी ते टेपने मोजून आराखड्यावर घालत होतो, 'अज्ञात १', 'अज्ञात २' असं. आज मामा आराखडा बघून म्हणाले, हा तर अमक्याचा बाप, ही त्याची आत्या.

"तुम्हाला कसं माहीत?"

"लिहिलंय ना."

घरातून एसटीची जुनी डायरी आणली, पुठ्ठ्याला सुतळी बांधलेली. १९७४ पासून गावात झालेलं प्रत्येक दफन, एका ओळीत एक : तारीख, नाव, आणि चिंचेपासून किती पावलं कुठल्या दिशेने. एकोणीस ओळी. मी म्हटलं, मामा, जानेवारीपासून मी इथे टेप घेऊन फिरतोय, आधी का नाही सांगितलंत?

"तू दगड वाचायला आलास म्हणालास."

खरं आहे. मी असंच म्हणालो होतो.

९ मार्च

डायरीतली पावलं जमिनीवर उतरवायची. पहिली अडचण, चिंच नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात पडली, लाकूड कोणीतरी नेलं. बुंधा रानमोडीखाली सापडला, तोही कुजलेला, पण जागा पक्की.

दुसरी अडचण मी स्वतः निर्माण केली. मामांनाच चालायला लावलं. बुंध्यापासून २२ पावलं पश्चिमेला, तिथे १९७४ची एक दगड असलेली कबर यायला हवी. मामा बाविसाव्या पावलावर थांबले ते मोकळ्या गवतात. कबर पुढे पावणेपाच मीटरवर. मामा वैतागले, मीही. डायरीच चुकीची, असं मी मनात म्हणूनही टाकलं. मग शेजारचा मुलगा, जो आरसा धरतो, तो म्हणाला, आजोबा तेव्हा तरुण होते ना.

पंचवीस वर्षांचा कंडक्टर आणि शहात्तरचे मामा. टेपने मोजलं : बुंधा ते कबर १६.९ मीटर, भागिले २२, पाऊल ७७ सेंटिमीटर. आजचं पाऊल ५५. डायरीतल्या सातांची दगड असलेली कबर माहीत होती, त्यावरून वर्षावर्षाचं पाऊल काढलं. नव्वदच्या आसपास ते सत्तरवर येतं. २०११ला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एकदम साठ. या हिशोबाने उरलेल्या बाराही कबरी सापडल्या, प्रत्येक ठिकाणी उंचवटा किंवा चिरे निघाले, फरक जास्तीत जास्त फूटभर.

काही ओळींच्या शेवटी 'हा.' लिहिलेलं होतं. मी ते आडनावाचं आद्याक्षर समजून यादीत तसं भरलंही. आज विचारलं. मामा थोडा वेळ डायरीकडे बघत राहिले.

"हाफ. हाफ तिकीट."

लहान मुलांच्या कबरी. चार आहेत. यादीत मी 'बालक' असं लिहिलं, डायरीत मात्र 'हा.' होतं तसंच ठेवलं.

२३ मार्च, ६ एप्रिल

मध्ये पुरीम आणि धुळवड एकाच दिवशी, १४ मार्चला. आळीत अर्धे लोक रंगलेल्या तोंडानेच आले होते. कामाचं सांगण्यासारखं एवढंच की डायरीच्या प्रत्येक पानाचा फोटो, झेरॉक्स आणि एक प्रत ठाण्यात, असं करून ठेवलं.

सातबाराही काढला. उताऱ्यावर ११ गुंठे, माझ्या टेपने साडेनऊ भरतात. मोजणी मागवावी असं मी म्हटलं. मामा म्हणाले, आधी यादी पुरी कर, मग दीड गुंठ्यासाठी भांड. मला अजूनही वाटतं की मोजणी आधी व्हायला हवी होती. पण गावात मी राहत नाही, ते राहतात.

२७ एप्रिल, ४ मे

१३ एप्रिल पेसाहात गेला, २० तारखेला सणाचा शेवट.

पडलेले दगड उभे करायचे. एकूण सहा. हजानसाहेबांचं म्हणणं, दगड जिथला तिथेच, हलवून सोयीच्या जागी रांगेत लावायचा नाही, पाया हातभर खोलीच्या आत. गवंडी १,२०० रुपये रोजावर आला आणि पहिले दोन सिमेंटमध्ये बसवून मोकळा झाला, मी चहा घ्यायला गेलो तेवढ्यात. जुना दगड चुन्यात बसवलेला होता. सिमेंट चुन्यापेक्षा कडक होतं, पाणी कोंडतं आणि पुढे फुटायची पाळी आली की फुटतो दगड. ओलं होतं तोवर खरवडून काढलं. पुढचा रविवार चुना मिळवण्यात गेला. मिळतो, पण भिजवून मुरायला दिवस द्यावे लागतात. गवंड्याला हे सगळं म्हणजे शहरी माणसाची हौस वाटत होती.

११ मे, १८ मे

चुन्यात चार दगड उभे. सामाजीचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून बाजूने जांभ्याचा आधार दिला, चिकटवलं नाही. उरलेले दोन ७ जूनच्या आत करू म्हटलं. पाऊस कोकणात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, जन्मापासून असंच बघितलंय.

२६ मे

पाऊस आला. मुंबईत आजच मान्सून जाहीर झाला, आणि त्याआधी आठवडाभर कोकणात धो धो पडतोय. १८ तारखेला बसवलेल्या दोन दगडांचा चुना वाळलाच नव्हता, मामा म्हणाले पांढरं पाणी फाटकापर्यंत आलं होतं. दगड उभे आहेत, कलले आहेत. ऑक्टोबरमध्ये पुन्हा.

हिशोब. एकूण १६ रविवार. पेट्रोल २२,४००. मजुरी ८,०००. हत्यारं, ब्रश, पट्ट्या, रंग मिळून ३,१००. गवंडी, चुना, वाळू ४,२००. बेरीज ३७,७०० रुपये. पैकी निव्वळ माझ्या मूर्खपणाचे साधारण साडेतीन हजार. अर्धे पैसे आळीने काढले, दिमोनाहून आलेले परत पाठवले, मला ते घेववेनात. मामांनी हिशोबात आपला चहा, जेवण, पडवी धरू दिली नाही. त्यांच्या शेजारच्या मुलांना क्रिकेटची बॅट हवी आहे, ती बाकी.

कबरी ५८. दगड असलेल्या ४६, त्यांतल्या ३७ पूर्ण वाचल्या, ९ अर्धवट. दगड नसलेल्या १२, सगळ्या नावासह. १४ नंबरच्या रकान्यात 'दिवस : ८, वारावरून' असं आहे. तिथीचा आकडा मिळाला असता तर वारावर टेकायला लागलं नसतं. दोनदा पाणी शिंपडून पाहिलं होतं, मे महिन्याच्या उन्हात मिनिटभरात वाळायचं.

३० मे

शुक्रवार. चारच्या सुमाराला मामांचा फोन, दिवा लावायला निघायच्या आधी. मागे पावसाचा आवाज.

"चौदा नंबरला उभा आहे. दगड सकाळपासून भिजतोय, खड्ड्यात रेघ दिसायला लागली."

मी विचारलं, किती आहे?

"आठ आहे का नऊ, ते नाही सांगता येत. खालची शेपटी गेलीय." थोडा वेळ नुसता पाऊस. मग म्हणाले, "पाच नाही."

फोटो काढा म्हटलं. म्हणाले एका हातात छत्री, एका हातात फोन, तिसरा हात कुठून आणू, आणि ठेवून दिला.